बर्लिनचं होलोकॉस्ट स्मारक नीट बघायचं असेल तर

गेली अकरा वर्षं मी बर्लिनमध्ये राहते. घरी येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम मला आता पाठ झालाय. दहा वाजता ब्रांडेनबुर्ग गेट, सव्वादहाला 'ते राखाडी दगड', साडेदहाला पुढे. साठ लाख ज्यूंच्या हत्येच्या वाट्याला पंधरा मिनिटं. पहिल्या वर्षी आईबाबा आले तेव्हा मीही त्यांना असंच फिरवलं. बाबा ठोकळ्यांच्या कडेला उभे राहिले, एकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "यावर काहीच लिहिलेलं नाही की. कोणाचं आहे हे?" मी दोन वाक्यांत सांगितलं आणि आम्ही पुढे निघालो. त्या दगडांच्या खाली, जमिनीत, एक आख्खं प्रदर्शन आहे आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. म्हणून आता कोणीही येणार असलं की फोनवरच सांगते, या जागेला अर्धा दिवस द्या आणि त्या दिवशी दुसरं मोठं काही ठरवू नका.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

स्मारकाचं पूर्ण नाव 'युरोपातील हत्या झालेल्या ज्यूंचं स्मारक' असं आहे. नावात 'हत्या' हा शब्द आहे आणि तो विचार करून ठेवलेला आहे. जर्मनीने आपल्या राजधानीच्या मधोमध, संसदेपासून चालत दहा मिनिटांवर, आपल्याच गुन्ह्याचं स्मारक उभारलं आणि गुन्ह्याला त्याच्या नावाने हाक मारली.

हे सहज झालं नाही. पत्रकार लेआ रोश आणि इतिहासकार एबरहार्ड येकेल यांनी १९८८ मध्ये ही मागणी लावून धरली, तेव्हा बर्लिनची भिंत अजून उभी होती. संसदेत ठराव झाला २५ जून १९९९ रोजी. उद्घाटन १० मे २००५ ला, आणि दोन दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मधल्या काळात वाद किती झाले याला गणती नाही. त्यातला एक मी प्रत्येकाला सांगते. ठोकळ्यांवर कोणी रंगाने काही लिहिलं तर ते पुसता यावं म्हणून त्यांना एक लेप द्यायचा होता. २००३ मध्ये लक्षात आलं की लेप पुरवणाऱ्या देगुसा कंपनीची एक उपकंपनी छळछावण्यांमध्ये वापरलेला झायक्लोन बी हा विषारी वायू पुरवण्यात गुंतलेली होती. काम थांबलं, कडाक्याची चर्चा झाली आणि शेवटी त्याच कंपनीबरोबर काम पुढे न्यायचं ठरलं. तो निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून वाद होतात.

आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन यांचा. जवळजवळ १९,००० चौरस मीटर जागेत काँक्रीटचे २,७११ ठोकळे आहेत. लांबी-रुंदी सगळ्यांची सारखी, २.३८ मीटर आणि ९५ सेंटिमीटर. उंची मात्र प्रत्येकाची वेगळी. काही जमिनीलगत सपाट, तर सगळ्यात उंच ४.७ मीटर. '२,७११ च का?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्या आकड्यामागे काही अर्थ दडलेला नाही, त्या जागेत त्या अंतराने तेवढे बसले.

जागेलाही तिचा इतिहास आहे. नाझी काळात इथे मंत्र्यांच्या निवासस्थानांच्या बागा होत्या आणि नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स याचा बंकर इथेच जमिनीखाली होता. नंतर भिंतीच्या बाजूचा ओसाड 'मृत्युपट्टा' इथूनच जात असे. हिटलरचा बंकर थोडा दक्षिणेला होता. तिथे आता गाड्या उभ्या करायची जागा आणि माहितीचा एक फलक आहे. बरेच लोक आधी तिकडे धावतात. मी नेत नाही. वेळ कमी असेल तर तो मारणाऱ्याच्या बंकरापाशी का घालवायचा?

त्यापेक्षा रस्त्यांच्या पाट्या वाचा. पूर्वेकडचा रस्ता कोरा बर्लिनर यांच्या नावाचा आहे. त्या अर्थशास्त्रज्ञ होत्या, नाझी काळात जर्मनीतल्या ज्यूंच्या संघटनेत काम करत राहिल्या, १९४२ मध्ये त्यांना पूर्वेकडे नेऊन मारण्यात आलं. दक्षिणेकडचा रस्ता विचारवंत हाना आरेंट यांचा आणि तिथून पुढे निघतो तो कवयित्री गेरट्रूड कोलमार यांचा, ज्यांना १९४३ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवलं गेलं.

कधी आणि कसं जायचं

एस-बान (शहरी रेल्वे) किंवा ऊ-५ या मेट्रोने 'ब्रांडेनबुर्गर टोर' स्थानकावर उतरा, तिथून पाच मिनिटं चालत. पॉट्सडामर प्लाट्झवरूनही तेवढंच. कागदी तिकीट काढलं असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या.

ठोकळ्यांमध्ये रात्रंदिवस केव्हाही जाता येतं, तिथे फाटक नाही. जमिनीखालचं माहिती केंद्र मात्र सोमवारी बंद असतं, इतर दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६. नाताळच्या सुमारास वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी स्मारकाच्या संकेतस्थळावर नजर टाका. प्रवेश दोन्हीकडे मोफत. खाली उतरताना विमानतळावर होते तशी तपासणी होते आणि मोठं सामान आत नेता येत नाही. हॉटेल सोडलं आहे आणि संध्याकाळची गाडी आहे, अशा दिवशी इथे बॅगा ओढत येऊ नका. बॅगा मुख्य रेल्वे स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवा. स्वच्छतागृह खाली केंद्रात आहे.

माझी ठरलेली वेळ अशी: मंगळवार ते शुक्रवारपैकी एखादा दिवस, सकाळी सव्वानऊला ठोकळ्यांमध्ये, दहाला दहा कमी असताना केंद्राच्या दारापाशी. अकरानंतर सहलींच्या बस येऊ लागतात, मग खाली रांग लागते आणि वर कलकलाट.

चपला काढायच्या का, डोकं झाकायचं का, असं घरची मोठी माणसं विचारतात. काहीही करायचं नाही. फक्त घसरणार नाहीत असे बूट घाला. खालची जमीन बारीक चौकोनी दगडांची आहे, चढउताराची आहे, आणि पावसात किंवा बर्फ पडल्यावर फार निसरडी होते. चाकाच्या खुर्चीने जाता येईल अशा १३ वाटा आहेत आणि माहिती केंद्रात उतरायला लिफ्ट आहे. आईचे गुडघे दुखायचे तेव्हा आम्ही लिफ्टनेच गेलो.

एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते. गळ्यात स्वस्तिकाचं पदक असेल, पिशवीवर किंवा शालीवर स्वस्तिक असेल, तर ते घरी ठेवा, नाहीतर कपड्यांच्या आत घ्या. आपलं स्वस्तिक वेगळं, त्याचा अर्थ वेगळा, हे सगळं खरं आहे. पण जर्मनीत नाझींचं चिन्ह सार्वजनिक ठिकाणी मिरवणं हा गुन्हा आहे, आणि त्या ठोकळ्यांमध्ये समोरून येणाऱ्या माणसाचे आजी-आजोबा कदाचित त्याच चिन्हाखाली मारले गेले असतील. तिथे उभं राहून त्याला शुभलाभाचा अर्थ समजावायचा नसतो. माझ्या मैत्रिणीच्या आई आल्या होत्या, त्यांची लग्नातली सोन्याची साखळी आणि त्यात नाजूक स्वस्तिक. दारातून निघताना मी चाचरतच त्यांना सांगितलं. त्यांनी एक शब्द न बोलता पदक ब्लाउजच्या आत सरकवलं आणि वरून स्कार्फ बांधला.

ठोकळ्यांमध्ये

रस्त्यावरून पाहिलं तर सगळा भाग बसका, लाटांसारखा दिसतो. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे. पर्यटक त्यांच्यावर बसून पाय हलवत असतात. इथेच थांबलात तर काहीच बघितलं नाही असं समजा.

कुठलीही एक वाट धरा आणि आत चाला. चार-पाच पावलांनंतर जमीन उतरू लागते. ठोकळे कमरेला येतात, मग खांद्याला, मग डोक्यावर जातात. वाटेची रुंदी ९५ सेंटिमीटर, म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी चालूच शकत नाहीत. कडेच्या एबर्टश्ट्रास या रस्त्यावरची रहदारी आधी मंद होते, मग दूर गेल्यासारखी वाटते. ठोकळे अगदी सरळ उभे नाहीत, अर्धा ते दोन अंश कललेले आहेत. डोळ्यांना ते पटकन कळत नाही, पण चालताना तोल जातोय की काय असं वाटत राहतं. मान वर केली तर आभाळाची पट्टी, आणि समोर पाहिलं तर वाटेच्या टोकाशी टियरगार्टन या मोठ्या बागेतल्या झाडांचा हिरवा तुकडा. दर तीन पावलांवर आडवी वाट येते. तिथून कोणीतरी क्षणभर दिसतं आणि नाहीसं होतं.

एका ठोकळ्यापाशी थांबून हात लावा, त्याला बंदी नाही. काँक्रीट हाताला गुळगुळीत लागतं, आणि आतल्या उंच ठोकळ्यांचा सावलीतला भाग उन्हाळ्यातही बराच वेळ गार राहतो. जवळून पाहिलं की केसांसारख्या बारीक भेगा दिसतात. काही ठोकळ्यांच्या भेगा वाढल्या म्हणून त्यांना पोलादी पट्ट्यांनी आवळून ठेवलंय. पाऊस पडून गेला की वरून ओघळलेल्या पाण्याच्या काळ्या रेघा तासन्‌तास वाळत नाहीत. कधी एखाद्या बुटक्या ठोकळ्यावर कोणी गुलाब ठेवलेला असतो, कधी चार-पाच लहान खडे. ज्यू लोक कबरीवर खडा ठेवतात. ते उचलू नका आणि मुलांनाही उचलू देऊ नका.

शक्य असेल तर एकट्याने चाला. बरोबर माणसं असतील तर आत शिरण्याआधी भेटायचा कोपरा ठरवा, तोही रस्त्याच्या नावानिशी. 'बाहेर भेटू' असं म्हणून चालत नाही, कारण बाहेर म्हणजे चार दिशा. माझी आत्या आली तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिला माझा हात धरून चालायचं होतं, पण वाटेत ते जमेना, म्हणून ती माझ्या मागे चालू लागली. एका आडव्या वाटेवर मी वळले आणि ती सरळ गेली. मागे पाहिलं तर कोणीच नाही. मी "आत्या!" म्हणून हाक मारली. तिने ओ दिली, पण आवाज कुठून आला ते कळेना, सगळीकडून आल्यासारखा वाटला. मी एक वाट पळत गेले, दुसरी गेले. पाचेक मिनिटांनी ती झाडांच्या बाजूला, कडेच्या एका ठोकळ्याला टेकून उभी दिसली. चिडलेली नव्हती. म्हणाली, "तू जवळच होतीस गं. आवाज येत होता. दिसत तेवढी नव्हतीस." त्यानंतर पुढचा अर्धा तास तिने माझ्या जॅकेटचं टोक सोडलं नाही.

वागण्याचे नियम जमिनीवर बसवलेल्या पाट्यांवर लिहिलेले आहेत: आरडाओरडा नको, एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उड्या नकोत, धूम्रपान आणि दारू नको. उड्या मारणाऱ्यांना पहारेकरी हटकतात, आणि ते योग्यच आहे. उंच ठोकळ्यांच्या मधून पडलं तर हाडं मोडतील. दमलेल्या माणसाने कडेच्या बुटक्या ठोकळ्यावर टेकायला माझी हरकत नाही. हे कबरस्तान नाही, इथे कोणाला पुरलेलं नाही.

फोटोंचं मात्र मी स्पष्ट सांगते. फोटोला बंदी नाही. ठोकळ्यांचा काढा, वाटेचा काढा, आभाळाचा काढा. हसऱ्या चेहऱ्याचा, पाय उडवलेला, ठोकळ्यामागून डोकावणारा फोटो काढू नका. २०१७ मध्ये शहाक शापिरा या कलावंताने लोकांनी स्वतःच समाजमाध्यमांवर टाकलेले इथले असे फोटो घेतले आणि मागचे ठोकळे काढून तिथे छळछावण्यांमधली खरी दृश्यं बसवली. उडी तीच, हसू तेच, पायाखाली प्रेतं. फोटोतल्या लोकांनी माफी मागितली, त्याने ते काढून टाकले. तुमच्या फोटोला अशी पार्श्वभूमी लागली तर चालेल का, एवढंच मनात विचारा.

जमिनीखाली

जिना कोरा-बर्लिनर-श्ट्रासच्या बाजूला आहे. पाटी मोठी नाही, त्यामुळे बहुतेकांना तो दिसतच नाही. खाली सगळा मजकूर जर्मन आणि इंग्रजीत आहे. घरातल्या कोणाला इंग्रजी वाचायला जड जात असेल तर त्यांच्याबरोबर राहा आणि हळू आवाजात सांगत जा. मी आत्याला पूर्ण दोन तास असं सांगितलं.

सुरुवातीच्या भिंतीवर १९३३ ते १९४५ चा इतिहास आहे. इतिहास ठाऊक असेल तर इथे वीस मिनिटांहून जास्त थांबू नका. लोक सगळी शक्ती इथेच संपवतात आणि खऱ्या दालनांमध्ये पोचेपर्यंत थकून जातात. पुढे सहा मोठे चेहरे आहेत, बाई, पुरुष, मूल, प्रत्येकाचं नाव दिलेलं. त्यांच्यासमोर जरा उभे राहा.

मग चार दालनं. पहिल्यात अंधार असतो आणि जमिनीत उजळलेल्या काचा असतात. त्यांवर पंधरा जणांच्या लिखाणाचे तुकडे आहेत: रोजनिशी, पत्रं, शेवटची पोस्टकार्डं. सगळे वाचायचा प्रयत्न करू नका. तीन वाचा, पण शेवटच्या शब्दापर्यंत. भिंतीवर सभोवार युरोपातल्या एकेका देशाचं नाव आणि तिथल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचा आकडा आहे. पोलंडसमोरचा आकडा तीस लाखांच्या घरात जातो. दुसऱ्या दालनात पंधरा कुटुंबं आहेत, वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या परिस्थितीतली. इथे एकच कुटुंब निवडा. लग्नातला, सहलीतला, दुकानासमोरचा फोटो पाहा, प्रत्येक नातं समजून घ्या, आणि मग त्यातल्या कोणाचं काय झालं ते वाचा. मी दर वेळी नवीन कुटुंब निवडते, तरी अजून सगळी झालेली नाहीत.

तिसरं दालन नावांचं. अख्ख्या स्मारकातलं एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघा. रिकामी, काळोखी खोली आणि मधे बसायला बाकं. चारही भिंतींवर एकाच वेळी एकच नाव उमटतं, जन्माचं आणि मृत्यूचं साल उमटतं, आणि एक आवाज त्या माणसाचं आयुष्य चार-पाच वाक्यांत सांगतो, आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत. शिंपी होता. शाळेत जात होती. अमुक गावात राहायचे. मग नाव विझतं आणि दुसरं येतं. मारल्या गेलेल्या प्रत्येक ज्यूबद्दल असं वाचायचं ठरवलं तर न थांबता ६ वर्षं, ७ महिने आणि २७ दिवस लागतील. साठ लाख हा आकडा मी शाळेत पाठ केला होता. तो केवढा असतो हे मला या खोलीतल्या बाकावर बसून कळलं.

इथे घड्याळ लावून निदान वीस मिनिटं बसा. पहिल्या पाच मिनिटांत चुळबूळ होते, मग ती थांबते. माझे एक काका, मला अतिशय प्रेमाने वागवणारे, गाडीत बसल्यावर म्हणाले होते, "काही म्हण, शिस्त होती हिटलरची. असा माणूस पाहिजे." आपल्याकडे हे वाक्य किती सहज बोललं जातं ते तुम्हालाही ठाऊक असेल. मी वाद घातला नाही. खाली आल्यावर काका या खोलीत बसले ते उठेनात. मी दोनदा बाहेर जाऊन आले. चाळीस मिनिटांनी ते आले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "सात महिन्यांचं होतं गं एक." गाडीतल्या वाक्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही काढलं नाही. असा कोणी तुमच्याबरोबर असेल तर भाषण देऊ नका, त्याला या बाकावर बसवा.

चौथं दालन ठिकाणांचं. हत्या म्हणजे फक्त ऑशविट्झ नव्हे, हे इथे उलगडतं. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या छावण्या तर आहेतच, पण गावाबाहेरच्या दऱ्या, जंगलं, खंदक हेही आहेत. कीवजवळच्या बाबी यार दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. आकडा इतका नेमका, कारण मारणाऱ्यांनीच तो अहवालात लिहून ठेवला. बाहेर पडताना होलोकॉस्टची स्मृती जपणाऱ्या येरुशलेमच्या याद वाशेम संस्थेची नावांची सूची तिथल्या संगणकावर शोधता येते.

मुलांबद्दल नेहमी विचारतात. माझं मत असं, की तेरा-चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला खाली नेऊ नका. एक मोठं माणूस वर मुलाबरोबर थांबू दे आणि आळीपाळीने खाली जा. वर मुलं धावणारच, लपाछपी खेळायला याहून चांगली जागा त्यांना कुठे दिसणार? त्यांना रागावण्याआधी दोन वाक्यांत सांगा की इथे ज्यांची आठवण ठेवली आहे त्यांच्यात तुझ्याएवढी मुलंही होती. माझा भाचा सात वर्षांचा असताना हे ऐकून धावायचा थांबला, आणि मग त्याने विचारलं, "त्यांची नावं कुठेत?"

वर आल्यावर

लगेच कॉफी प्यायला जाऊ नका. पुन्हा एकदा ठोकळ्यांमधून चाला, या वेळी कोरा-बर्लिनर-श्ट्रासकडून झाडांच्या दिशेने, आरपार. दहा मिनिटं पुरतात. सकाळी ज्या ठोकळ्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यांच्यातून आता खाली ऐकलेली दोन-चार नावं बरोबर घेऊन चालता. ही दुसरी फेरी चुकवू नका, माझ्या मते सगळ्या भेटीतलं महत्त्वाचं तेच.

एबर्टश्ट्रास ओलांडली की टियरगार्टनच्या कडेला काँक्रीटचा एकच मोठा ठोकळा आहे, छोट्या खिडकीचा. नाझींनी छळलेल्या समलैंगिकांचं हे स्मारक, २००८ मधलं. खिडकीतून आत चाललेली फिल्म दिसते. तिथून ब्रांडेनबुर्ग गेटच्या पलीकडे, संसदेच्या दिशेने गेलात की नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा या समाजांच्या लोकांचं स्मारक लागतं, दानी काराव्हान यांनी घडवलेलं, २०१२ मध्ये खुलं झालेलं. काळ्या पाण्याचं गोल तळं आणि मधोमध त्रिकोणी दगड. त्या दगडावर रोज एक ताजं फूल ठेवलं जातं. तिथे काठाला बसता येतं, आणि आतापर्यंत पाय दुखायला लागलेले असतात.

आणखी एक सकाळ हाताशी असेल तर एस-७ ने ग्रुनेवाल्डला जा आणि फलाट क्रमांक १७ शोधा. १८ ऑक्टोबर १९४१ ला बर्लिनच्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी या स्थानकातून सुटली. फलाटाच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत आणि प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते कोरलंय. रुळांमधून आता झाडं उगवली आहेत. मी तिथे कोणाला घेऊन गेले की पट्ट्या सलग वाचत चालायला सांगते. शेकड्यांनी नेलं, मग हजारांनी, आणि १९४५ उजाडलं, युद्ध हरल्यात जमा होतं, तरी पंधरा-वीस माणसांसाठी गाड्या सुटत होत्या.

आणि त्या दिवसापासून शहरात चालताना खाली बघत चला. फुटपाथच्या दगडांमध्ये मधेच पितळी चौकोन चमकतात, १० सेंटिमीटरचे. जर्मनमध्ये त्यांना 'श्टोल्परश्टाईन' म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटी ज्या घरात राहत होता, शक्यतो त्या घराच्या दारातच त्याचा दगड बसवतात. वाचायला पाच शब्द पुरतात. 'हिअर वोन्टे' म्हणजे इथे राहत होता किंवा होती. मग नाव. 'यारगांग', थोडक्यात 'जे जी', म्हणजे जन्मसाल. 'डेपोर्टियर्ट' म्हणजे पाठवून दिलं, 'एरमॉर्डेट' म्हणजे हत्या केली.

आमच्या इमारतीच्या दारात असे चार आहेत. पितळ काळवंडतं, म्हणून २७ जानेवारी (ऑशविट्झच्या मुक्ततेचा दिवस) आणि ९ नोव्हेंबर (१९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले ती रात्र) या तारखांच्या आसपास शेजारीपाजारी ते घासून काढतात. एक सुकी फडकी, एक ओली, पितळेची साधी पॉलिश, आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनं वर्तमानपत्र. पॉलिश लावून दोन मिनिटं थांबायचं, मग गोल गोल घासायचं. काळं पाणी निघतं आणि अक्षरं वर येतात. तारेचा काथ्या वापरू नका, अक्षरांवर ओरखडे पडतात.

गेल्या नोव्हेंबरात बाबा दुसऱ्यांदा आले होते. या वेळी आम्ही खालची चारही दालनं केली, फलाट क्रमांक १७ ही केला. संध्याकाळी मी दगड घासत होते, ते शेजारी उकिडवे बसून एकेक अक्षर लावत होते. चौघांतल्या सगळ्यात लहान मुलाच्या दगडाशी थांबले. "जे जी १९४० म्हणजे जन्म ना?"

"हो."

"आणि हे १९४३."

"तेव्हा नेलं."

त्यांनी माझ्या हातातली सुकी फडकी घेतली. "अक्काचा जन्म त्रेचाळीसचा," ते म्हणाले, आणि घासू लागले.